गुडाखूला रकाना नाही

माझ्या बायकोच्या मानेतली धमनी मी रंगीत पाहिली आहे. असा मान रायपुरात फार थोड्या नवऱ्यांना मिळाला असेल.

सुरुवात चहापासून झाली. एका सकाळी कप पुढे करता करता तिच्या उजव्या हातातून गळून पडला. ती काही बोलायला गेली, तर शब्दांऐवजी नुसता घोगरा आवाज आला. थोड्या वेळात सगळं जागेवर आलं आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "फुटला ना? बरं झालं, मले तो कप आवडतच नव्हता." मी मोठ्यानं हसलो आणि तिथंच फरशीवर बसलो. कपाचे तुकडे वेचत राहिलो.

तेलीबांध्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत चरबीचा थर साचलाय. अडथळा काठावरचा. ऑपरेशन करता येईल, नुसत्या औषधांवरही थांबता येईल. ऑपरेशनमध्येसुद्धा लकव्याचा थोडा धोका असतोच. विचार करून सांगा. आता सांगायचं कोणी? मी! ज्याला बाजारात दोडका घ्यावा की भेंडी हे घरी फोन केल्याशिवाय ठरवता येत नाही.

त्याच इस्पितळात एक इंजिनिअर पोट्टी संशोधन करत होती. मराठी घरचीच, पण उत्तर हिंदीत. स्कॅनवरून कॉम्प्युटरमध्ये धमनी उभी करायची, तीत रक्त वाहवायचं आणि पुढल्या वर्षांत थर कुठे, किती वाढेल ते पाहायचं. "नहर के मोड़ पर गाद बैठती है ना आंटी, वैसे," ती म्हणाली. बायकोचं माहेर अभनपुरकडचं, शेतीवाल्यांचं. कालव्याच्या वळणावर गाळ बसतो म्हटल्यावर तिला सगळं कळलं.

मग प्रश्न झाले. बीपी, शुगर, आणि "तंबाकू, आंटी?"

"छी! आमच्या घरात?"

पडद्यावर वर्षं भराभर सरकली. थर जेमतेम वाढला. बायकोचा चेहरा दहावीत पहिली आल्यासारखा. "पाहा, मशीन सांगून राहिली. कापाकापी नको." डॉक्टर म्हणाले, हे अजून प्रयोगात आहे, यावर विसंबू नका. त्यांचं कोण ऐकतो! आम्ही जिलेबी खाऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या अंगणात बसली होती, तोंडात बोट घालून. जेवणानंतरचं मंजन, म्हणजे गुडाखू. लग्नापासून पाहतोय. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या बाया करतात, काळ्या गुडाखूची डबी प्रत्येकीच्या खिडकीत. त्या दिवशी मी ती डबी हातात घेऊन पहिल्यांदा वाचली.

"अवं, याच्यात तंबाखू आहे!"

"मंजन आहे ते."

"डबीवर लिहिलंय."

"डबीवर काहीबी लिहितात. मी काय बिडी ओढून राहिली? दात साफ ठेवणं गुन्हा आहे का?"

तिला ओढतच परत नेलं. पोट्टीनं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा पडला. "अंकल, इसमें सिर्फ सिगरेट का कॉलम है. गुडाखू का हिसाब मेरे पास नहीं है."

"तो पाँच सिगरेट मान लो बेटा. दस मान लो!"

तिनं पाच धरून चालवलं, दहा धरून चालवलं, त्याहून जास्त धरून चालवलं. दर वेळी तीच धमनी, दर वेळी वेगळं भविष्य. शेवटच्या चित्रात नळीचा गळा लाल होऊन आवळला होता. मी विचारलं, "इसमें सच्चा कौन सा?"

"पता नहीं, अंकल."

गणपतीच्या नाटकांत मी अनेकदा हात जोडून रडलोय, टाळ्याही घेतल्यात. तिथं पुढचं वाक्य पाठ असायचं. इथं मी हात जोडले आणि पुढे काहीच आलं नाही. ती पोट्टीही रडायच्या बेतात. खरा आकडा तिच्याकडं नव्हताच, तर देणार कुठून?

"तुमी चूप बसा," बायको म्हणाली. मग पोट्टीला, "सबसे खराब वाला फिर से दिखा, बेटा." बायकोनं पडद्यावरच्या लाल जागेवर बोट ठेवलं. "हेच माझं धरा. दिवसातून किती वेळा लावते, ते मले मालूम. आमच्या यायले नाही."

"आंटी, पर ये सिगरेट का…"

"हव, सिगरेटचं. तरीबी."

डॉक्टर म्हणाले, चित्र बाजूला ठेवा, पण गुडाखूचं हे आधीच कळायला हवं होतं. ती आजपासून बंद, आणि आता माझाही कल ऑपरेशनकडे. तिनं माझ्याकडं न बघता होकार दिला. सही मला करावी लागली.

ऑपरेशन मंगळवारी आहे. गुडाखू सुटल्यापासून ती दिवसभर माझ्यावर ओरडते, आणि मी कान लावून बसतो, एखादं अक्षर घसरतंय का, एखादा शब्द अडकतोय का. काल माझी अक्कल काढत मला 'बैताड' म्हणाली. साफ, खणखणीत.

मी म्हटलं, "अवं, अजून एकदा म्हण."