आप्पांच्या एकतीस चुका

शिवांजलीने एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय मागितला, तेव्हा औरंगाबादला तिच्या विभागप्रमुखांनी अर्ज परत केला. ही शहाण्णवची गोष्ट. "हे कॉम्प्युटर सायन्स नाही, कल्पनाविलास आहे. पगारपत्रकाचा प्रोग्राम कर." ती हटेना. शेवटी त्यांनी अट घातली, यंत्र किती वेळा चुकतं ते मोजून दाखव.

म्हणून माझी मुलगी तलवाड्याला, तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या शेती-औषधांच्या दुकानात येऊन बसली. कपाशीचं पान आणल्याशिवाय हे कुणालाच फवारणीचं औषध देत नाहीत. पान उलटं करून बघायचं, दोन प्रश्न विचारायचे, रोग सांगायचा. ती लक्षणं आणि यांचं उत्तर टिपून घेई. खरं काय निघालं ते मात्र पंधरा दिवसांनी शेतावर जाऊनच कळणार होतं.

"गिऱ्हाईकाला आपणच जाऊन इचारायचं, आमचं चुकलं का म्हणून?"

"चुका कळल्याशिवाय यंत्र शिकणार कसं, आप्पा?"

"यंत्राला शिकव. मला कावून शिकवतीस?"

ती एकटीच सायकलवर उमापूरपर्यंत हिंडली. एकशेचाळीस पानांत आप्पा एकतीसदा चुकले होते. निम्म्या पानांच्या नोंदींवर शिकलेलं यंत्र उरलेल्या निम्म्यांत नऊदा चुकलं. त्याच पानांत आप्पा सोळादा. विभागप्रमुखांनी चुकांचा तक्ता दोनदा वाचला. "मोजलंय, म्हणजे शास्त्र झालं," म्हणत सही केली.

प्रकल्पाची बांधलेली प्रत तिने घरी पाठवली. मी बी.ए. झालेली, इंग्रजी येतं, म्हणून यांना वाचून दाखवायला मीच बसले. आभारात यांचं नाव होतं, ते ऐकून खूश झाले. तक्ता मी गाळायला हवा होता. गाळला नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीचा शेतकरी म्हाळू पान घेऊन आला. यांनी ते कितीदा तरी उलटंपालटं केलं.

"मला कळंना बघ. बीडला दाखव."

"तुमालाच कळंना म्हंजे, आप्पा?"

हळूहळू पानं यायची थांबली.

परवा शिवांजलीचा दुकानावर फोन आला; ती आता त्याच विभागात शिकवते. पुढच्या वर्षापासून तिचा विषय एम.एस्सी.ला पूर्ण पेपर म्हणून लागणार, आणि तो तिनेच शिकवायचा. आवाजात आनंद होता, पण सांगायला तिथे जवळ कुणी नसावं, असं मला वाटत राहिलं. मी रिसीव्हर यांच्यापुढे धरला. हे उठून आत गेले.

"आप्पांना दे ना."

"गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. दुकानात कोणी नव्हतं.