दादांच्या मिशीवरचा हक्क

माझ्या नावावर एकच कविता आहे आणि ती आमच्या भागातल्या बहुतेक मेलेल्या माणसांवर छापून झाली आहे.

केली होती फक्त दादांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. नव्वद सालच्या सुमारास ते गेले. आमच्या वाटूरकडे तेरवीची पत्रिका छापून गावोगाव वाटतात. वर फोटो, खाली दोन ओळी. प्रेसवाल्याकडे ओळी तयारच असतात. पण मी पडलो बी.ए.! स्वतः लिहिल्या :

मिशीला पीळ अन् ओठांत हसू
दादा, ओसरीवर कुणासंगं बसू?

मायला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं तशी ती पहिल्यांदाच मोकळी रडली. म्हणाली, "बबन, हे बोल त्येंचेच राहू दे. दुसऱ्या कुणाला देऊ नको."

मी शब्द दिला. (आपली कविता मागायला येतंय कोण!)

महिनाभरात गल्लीतल्या तात्यांची पत्रिका आली. फोटो तात्यांचा, ओळी आमच्या! (तात्यांना मिशीच नव्हती.) त्या दिवशी माय जेवली नाही.

मी तडक जालन्याला मेव्हण्याकडे गेलो. तो वकील.

"दाजी, कॉपीराइट तुमचाच," तो म्हणाला. "नोंदणी केलीच पाहिजे असं न्हाई, लिहिलं की हक्क लागू. तुम्हाला इचारल्याबिगर कुणी छापू शकत न्हाई. अन् छापलं तर कवी म्हणून नाव लावायचा हक्कबी तुमचाच."

यातलं शेवटचं वाक्य मला फार आवडलं.

प्रेसमध्ये जाऊन मी टेबलावर हात आपटला. "शेटजी, कायद्यानं कविता माझी! न इचारता छापता, अन् वर नावसुद्धा न्हाई?"

"बिलकुल चुकलं, साहेब!" शेटजींनी हात जोडले. "आजपासून बराबर नाव टाकतो."

मी खुशीत चहा पिऊन परत आलो. (छापू नका, हे सांगायचं राहूनच गेलं!)

तेव्हापासून प्रत्येक पत्रिकेवर 'कवी : बबनराव, बी.ए., वाटूर' झळकू लागलं. मयताच्या नावापेक्षाही ठळक!

मग एक दिवस दारात जीप थांबली. कुंभार पिंपळगावचे तीन भाऊ उतरले. थोरल्याच्या हातात त्यांच्या आईची पत्रिका. नऊवारीतली, कपाळभर कुंकू लावलेली म्हातारी आणि खाली :

मिशीला पीळ अन् ओठांत हसू
जिजी, ओसरीवर कुणासंगं बसू?

"आमच्या मायला मिशा कुठं दिसल्या रे तुला?"

"मी न्हाई छापलं!"

"मंग नाव काय तुझ्या आज्याचं हाय?"

"हे बघा, कायद्यात लिहिणारा वेगळा, छापणारा वेगळा..." एवढं बोलेपर्यंत धाकट्यानं माझी कॉलर धरली.

माय बाहेर आली. "सोडा रे त्याला. माय गेली तुमची, भांडता काय?"

तिघंही ओसरीवर बसले आणि लेकरांसारखे रडले. मायनं त्यांना पाणी दिलं. ते गेल्यावर मला एवढंच म्हणाली, "देऊन टाकलीस की रं सगळ्यांना." त्यापेक्षा त्यांनी मला बडवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी मेव्हण्याची नोटीस गेली आणि छापणं बंद झालं. मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली.

चार-पाच वर्षांनी तीही गेली. मी कागद घेऊन बसलो, पण काही सुचेना. लिहायला गेलं की डोळ्यांपुढं ती पाणी देताना दिसायची आणि हात थांबायचा. शेवटी फोटोखालची जागा कोरीच गेली.

तेरवीच्या पंगतीत शहागडचे मामा पत्रिका उलटीपालटी करून बघत होते. "साऱ्या मुलखाच्या मढ्यांवर कविता केल्या पठ्ठ्यानं," ते शेजारच्याला म्हणाले, "अन् सख्ख्या मायला दोन ओळी न्हाईत!"

मी मान खाली घालून बुंदी वाढत राह्यलो. कॉपीराइट तेवढा माझ्याकडं शाबूत होता!