कुणाची लस?

"टोचू नका बाई, टोचू नका!" म्हणत मी लेकरू छातीशी धरलं अन् शाळेतनं पळतच सुटले. दुष्काळाचं साल व्हतं, लातूर जिल्हा नवाच झालता, अन् पाण्याच्या टँकरबिगर दुसरी गाडी पहिल्यांदाच फुफाट्यातनं गावात आलती. तिच्यातनं उतरलेली नर्सबाई शाळेत लेकरं टोचाया बसली अन् म्हणली, "ह्याला गोवराची लस द्यायची." माझ्या अंगावर काटाच आला. आमच्यात लस म्हंजे कान फुटला की वाहती ती! शेजारचं पोरगं गोवरानं फणफणलं व्हतं, त्याचीच पुसून आणली का काय? नर्सबाई स्पिरिटचा कापूस हातात घेऊन मागं धावली. "अगं माय, थांब की!" "आधी सांगा, कुणाची लस हाय ती?" "कुणाची न्हाई गं, औषध हाय. लेकराला गोवर होऊ न्हाई म्हणून." घराच्या उंबऱ्यातनं सासू कडाडली, "मग औषध म्हणा की! लस काय म्हणायलाव?" नर्सबाई हसली, "बरं मावशी, औषध." तवा कुठं मी पोराचा दंड पुढं केला. परवा धाकट्या लेकीला टोचायला नेलं, तवा स्पिरिटचा तोच वास आला अन् हे समदं आठवलं. तुम्हीच सांगा, आजारी लेकराच्या अंगातनं वाहतं ते तुमच्या लेकरात घालायलेत असं वाटलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?