आबाला आडवा पाडण्याचा कट

मी जळगावात बसून, डबा खायच्या सुट्टीत, सासऱ्यांना ठार मारण्याचा कट जाहीरपणे रचला, असं पिंपळनेरमध्ये अजूनही काही लोक मानतात.

एका ऑनलाइन लढाईच्या खेळाचा मी अकरा वर्षं जुना खेळाडू. (वय चव्वेचाळीस. हसून घ्या, बायको रोज हसते.) आम्हा मराठी खेळाडूंचा एक फोरम होता, त्याला आम्ही कट्टा म्हणायचो. करडा रंग, बारीक अक्षरं, ना फोटो ना खरं नाव. तिथे मी 'खान्देशी वाघ' होतो. ऑफिसात मला कुणी वाघ म्हणत नाही, 'आवक-जावकवाले' म्हणतात. तेव्हा तो कट्टा मला किती प्यारा होता, ते समजून घ्या.

आमची टोळी पाच जणांची, सगळे इकडचेच. दोन वर्षं आम्ही एकाच राक्षसाशी झुंजत होतो. पांढऱ्या झुपकेदार मिशा, किल्ल्याच्या दारात खजिन्यावर ठाण मांडलेलं, आणि समोर कुणीही आलं की नकारार्थी मान! आमच्या भागात अशा माणसाला एकच नाव असतं. आम्ही त्याला आबा म्हणू लागलो.

माझ्या सासऱ्यांनाही आबाच म्हणतात. पण राक्षस खेळात, सासरे पिंपळनेरात, दोघांची गाठ पडायचं कारणच नव्हतं.

आणि एका सकाळी कट्ट्याचं रूपच बदललं. दीपनगरच्या वीजकेंद्रातला आमचा गडी, टोपणनाव 'झटका', त्याचा फोन आला.

"वाघा, कट्टा पाहिलास? सगळीकडे बदाम लावलेत रे बदाम!"

पाहतो तर खरंच. प्रत्येक वाक्याखाली लाल बदाम, अंगठा, रडका चेहरा. 'आज तुमच्या मनात काय आहे?' असा लाडिक प्रश्न. वाघ गायब! त्या जागी माझं पूर्ण नाव आणि एक फोटो, ज्यात मी शिंकण्याच्या बेतात आहे. त्यात मध्येच एक चौकोन आला, 'ओळखीच्यांना बोलवायचं का?' आधी लॉगइन तर होऊ दे मेल्या, म्हणत मी न वाचता 'हो' दाबलं.

मग मी आंदोलन पुकारलं. 'आम्ही लढायला येतो, बदाम वाटायला नाही! जुना कट्टा परत द्या!' टोळीने त्याखाली धडाधड रागीट चेहरे मारले. संध्याकाळी कट्ट्याच्या चालकांची सूचना आली, 'नव्या रूपाला तुफान प्रतिसाद! मनःपूर्वक आभार!' आमचे रागीट चेहरे त्यांनी प्रतिसादात मोजले होते!

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी नेहमीसारखा लढाईचा बेत लिहिला. 'आखाजीच्या आत आबाला आडवा पाडायचाच. मी समोरून गोड बोलून गुंतवतो, तुम्ही मागच्या दाराने घुसा. म्हातारा पडला की खजिना आपला.'

हा बेत, माझ्या नावानिशी आणि त्या शिंकऱ्या फोटोसकट, माझ्या फोनमधल्या प्रत्येक माणसाच्या फोनवर जाऊन धडकला. 'तुमचे मित्र काय म्हणताहेत पाहा!' असा वर मथळा.

आता आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तेव्हा लेकी माहेरी जातात आणि जावयाच्या ताटात खापरावर भाजलेले मांडे पडतात. पुरण भरलेले, परातीएवढे, वाटीभर आमरसासोबत. वर्षभर मी त्या दिवसाकडे डोळे लावून असतो. आणि त्याचं आमंत्रण दर वर्षी आबा स्वतः फोन करून मला देतात.

यंदा फोन बायकोला, सुनीताला, आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"बेटा, तू ये आखाजीले. त्यासले कामे व्हतीन."

मी फोन हिसकावला. "आबा, मला कसली कामं? मी मोकळाच आहे की!"

"मोकळा शेतस म्हनीसन मागला दारनी चौकशी चालू शे का? मन्हा मरानी इतली घाई कसाले, जवाईबापू?"

"अहो आबा, तो आबा म्हणजे तुम्ही नाही! तो राक्षस आहे!"



"राक्षसले मन्हं नाव दिधं?"

फोन कट. सुनीताने माझ्याकडे पाहिलं. "छान समजावलंत," ती म्हणाली आणि एकटीची बॅग भरायला गेली.

तीन दिवस मी आबांना फोन लावत होतो. उचलले नाहीत. उचलणार कसे? ते कट्ट्यावर होते! 'हो' दाबून मीच बोलावलं होतं ना! त्यांनी आमचे दोन वर्षांचे सगळे बेत वाचून काढले, आणि चौथ्या दिवशी माझ्या बेताखाली त्यांचं उत्तर झळकलं.

'हाई काय लढाई शे? डुक्कर समोरतीन कधी हाती लागस का? मांगे डबडा वाजाडा, पुढे वाट मोकळी ठेवा.'

खेळात एक ढोल होता. निरुपयोगी म्हणून आम्ही तो कधी हातात घेतला नव्हता. झटक्याने किल्ल्यामागे जाऊन तो बडवला. राक्षस दचकून उठला, मोकळ्या वाटेने धावत सुटला आणि खंदकात कोसळला! दोन वर्षं आम्ही नुसते मार खात होतो, आणि भुईमुगातली डुकरं हाकणाऱ्या माणसाने एका ओळीत काम केलं.

टोळीने त्याच दिवशी आबांना सरदार केलं. मला न विचारता! आबांनी खुशीत येऊन नव्या कट्ट्यावरचं 'कार्यक्रम' नावाचं बटण शोधलं आणि टोळीला आखाजीचं आमंत्रण धाडलं. मी टोळीत होतो म्हणून ते मलाही आलं. जावई म्हणून नव्हे!

आखाजीला पंगत बसली. मीही पाटावर टेकणार, तोच आबा म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही घरना माणूस. वाढाले घ्या."

मी वाढलं. झटक्याने पाच मांडे खाल्ले, पाच! माझी पाळी आली तेव्हा खापर गार पडलं होतं आणि परातीत अर्धा मांडा उरला होता. अकरा महिने मनात मांडे खाल्ले, ताटात अर्धाच आला.

जेवणं झाल्यावर मी आबांना हळूच विचारलं, "आबा, सरदार म्हणून जुना कट्टा परत मागता का?"

"कसाले? माले तं हाऊच बेस वाटस."

त्यांनी पंगतीचा फोटो लगेच कट्ट्यावर टाकला. त्यात सगळी टोळी आहे. माझा फक्त हात आहे, आमरसाचा डाव धरलेला. त्या फोटोवर बदामांचा पाऊस पडला आणि त्यातला पहिला बदाम, बदामविरोधी आंदोलनाच्या संस्थापकाचा, म्हणजे माझा होता. पुढच्या आखाजीला मला पाटावर बसायचंय!