धुऱ्यावरची उडी

राष्ट्रीय क्लब रग्बी स्पर्धेचा इतिहास उद्या कुणी लिहायला घेतलाच, तर भंडारा जिल्ह्याच्या वाट्याला त्यात अर्धी ओळ येईल: पहिल्याच सामन्यात बाद. ती अर्धी ओळ मी स्वतः, जमिनीपासून हातभर वर असताना, लिहिलेली आहे.

त्याआधीचा इतिहास मी लाखनीला, हायवेवरच्या चहाटपरीवर, आमच्या संघाला इतक्या वेळा सांगितला होता की चहावाला माझ्या चुका काढायचा. आधी गोरे साहेब आपसांत खेळायचे, मग मोठ्या शहरांतले जिमखाने आले, मग फौजेतले गडी. "आणि आता आपण!" म्हणत मी टेबलावर हात आपटायचो. अर्धा चहा टेबलावर.

"आता तुमी?" चहावाला म्हणायचा. "आधी टेबल पुसा."

आमचं मैदान म्हणजे आमच्या घरची बांधी. धान कापून झालं की त्या रिकाम्या शेतात आम्ही तो लांबट बॉल घेऊन धावायचो. रग्बीत बॉल घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात. रेषेसाठी चुना कोण आणणार? बांधीतलं पाणी अडवणारा गुडघाभर मातीचा धुरा होता, तीच आमची रेषा. धुरा आला की उडी मारायची, पलीकडे पडायचं, बॉल टेकवायचा. उडी विसरला तो तोंडावर. मी दोनदा आपटलो, मग माझे पाय शहाणे झाले. डोकं मागेच राहिलं.

शेजारच्या बांधीतले म्हातारबा विचारायचे, "काहून पळून राहिले बाप्पा? मांगं पोलीस आहेत का?"

तो धुरा आणि मी, दोघांनाही नीट ओळखणारा एकच माणूस होता: माझा एकोडी गावचा मित्र. क्लब आम्ही दोघांनी मिळून काढला. मी बॉल घेऊन पळायचो, तो मला पाडायचा. नोकरी लागून शहरात गेला तेव्हा म्हणाला, "आपला संघ नॅशनलले गेला तर मी सुट्टी काढून येतो. माझी जर्सी कोणाले देऊ नको."

संघाची निवड झाली तेव्हा पहिला फोन मी त्यालाच केला. नंतरही रोज करत राहिलो. कोण कुठं खेळणार, कुणाचा गुडघा दुखतो, डावीकडे पास देताना कोण गडबडतो, सगळं सांगितलं. तोही मोठ्या आपुलकीनं विचारायचा.

"अन् तू? आताही उडतं का?"

"उडतो ना बे!"

दोघंही हसलो. मला वाटलं, एकाच गोष्टीवर हसलो.

स्पर्धा त्याच्याच शहरात, आणि रग्बीला लागतात पंधरा गडी. संघातले म्हणत होते, एखादा गडी जास्तीचा नेऊ. मी छाती ठोकून सांगितलं, "पंधरावा तिथंच भेटन." आणि चौदा जणांना घेऊन निघालो.

पंधरावा भेटला. त्याची जर्सी पिशवीत घेऊन मी मैदानभर त्याला शोधत होतो, आणि तो समोरच्या संघाच्या बाकावर बूट बांधत बसला होता. त्यांच्या जर्सीत.

"हे काय घातलं बे?"

"इथल्याच क्लबात खेळतो ना मी. बरेच दिवस झाले."

"सांगितलं नाही मले?"

"तू विचारलं कुठं? तूच बोलत होता."

खरंच होतं ते. मी पिशवी पुढे करून म्हणालो, "थंडी वाजली तर असू दे." असा मी! तो म्हणाला, "राहू दे, तुलेच लागन."

चौदाच असूनही आम्ही झुंज चांगली दिली. शेवटच्या क्षणी एक ट्राय झाला असता, तर सामना आमचा होता. बॉल माझ्या हातात, समोर मोकळं गवत, पुढे पांढरी रेषा. तेवढ्यात बाजूनं त्यांचा एक उंच गडी ओरडला. भंडारा नकाशात कुठं आहे हेही त्याला ठाऊक नसेल, पण ओरडला काय, तर "धुरा! धुरा!"

रेषा आली. सपाट गवतावर मी उडालो.

माझा मित्र खाली शांत उभा होता. त्यानं मला हातही लावला नाही. बॉलला खालून नुसती टपली मारली. बॉल एकीकडे, मी दुसरीकडे, आणि रेफ्रीची शिट्टी.

पडल्याचं दुखलं नाही. तो शब्द दुखला. आमच्या बांधीतला शब्द त्या परक्या गड्याच्या तोंडी वाऱ्यानं तर नेऊन ठेवला नव्हता.

"सपाट जमिनीवर कायले उडला भाऊ?" आमचा एक गडी परतताना म्हणाला. मी म्हणालो, "सवय." पुढे टपरीवर हा किस्सा मी उडीसकट करून दाखवला, लग्नांतही दाखवतो. लोक पोट धरून हसतात. तो उंच गडी काय ओरडला, तेवढं मात्र गाळतो. गावानं मला मूर्ख म्हटलेलं चालतं. माझ्या मित्राला ते जे म्हणतील, ते ऐकायची माझी तयारी नाही.

यंदा पुन्हा निवड झाली आहे. आता आम्ही शाळेच्या पटांगणावर चुन्याची रेषा आखून सराव करतो. रेषा आली की माझा पाय अजून उचलू पाहतो, मी तो दाबून धरतो. परवा मित्राचा फोन आला, आवाज तोच, आपुलकीचा.

"प्रॅक्टिस कुठं करून राहिले बे?"

"बांधीतच ना."

"अन् तू? आताही उडतं का?"

"उडतो."

या खेपेला तो एकटाच हसला.