पेपरातलं माझं मरण

बेचाळीस साली मी पेपरात मेलो. प्रत्यक्षात मी तेव्हा मलायात रबराच्या झाडाखाली उकिडवा बसून पाणी कधी मिळतंय याची वाट बघत होतो. साहेब म्हणाला, बंदुका खाली ठेवा. आम्ही ठेवल्या. जपान्यांनी आम्हाला मोजलं आणि नेलं. संपलं युद्ध.

कोल्हारला घरी सरकारची तार आली, त्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. पाठोपाठ पेपर आला. त्यात आमची पलटण शेवटच्या गोळीपर्यंत लढली, एकानंही हात वर केले नाहीत, सगळे पडले, नदीचं पाणी लाल झालं. अरे, तिथं नदी कुठली आली? लिहिणारा मुंबईत पंख्याखाली बसला असणार. आमच्याकडे पेपर शिंप्याच्या दुकानात वाचला जायचा. म्हातारा मुसलमान शिंपी असा आवाज लावायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. माझ्या वडिलांनी, आबांनी, ती बातमी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्यात रीत. आबा पेपर घेऊन भटजींकडे गेले. इतकं सविस्तर छापलंय म्हटल्यावर भटजींनाही शंका उरली नाही. प्रवरेच्या काठी मला जाळलं आणि माझ्या बायकोच्या बांगड्या फोडल्या. आबांना दुःख झालं होतं, खोटं कशाला बोलू? पण गावात लोक उठून रामराम घालायला लागले होते, तेही गोड लागलं असणार.

पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर मी नगरहून सर्व्हिस मोटारीनं गावात उतरलो. मी सुटल्याचं सरकारी कळवणं माझ्यामागून आलं. शिंप्यानं मला बघितलं आणि म्हणाला, "या अल्ला! तुमी तर शहीद झाला हुता की!" आनंद झाला होता त्याला, पण बोलण्यात थोडी तक्रारही होती.

घरी बायको बादली घेऊन बाहेर आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. मला बघून तिनं बादली खाली ठेवली. मी पुढं झालो तर आबा मध्ये आले. "थांब. तुझं दिवस घातल्यात. आधी विधी हुंदे."

विधी होईस्तोवर माझा मुक्काम गोठ्यात. कैदेतून सुटून हे! जाळलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं, असं भटजी म्हणाले. तेव्हा मला गुडघे पोटाशी घेऊन घंगाळात बसवलं, बाहेर काढलं, बारसं केलं. बायका हसत होत्या. मग माझ्याच बायकोशी माझं लग्न. कासार बांगड्या चढवत होता तर तिच्या हातावरून त्या सरकेनात. साडेतीन वर्षं दुसऱ्यांच्या वावरात राबून हात रुंदावले होते. एक बांगडी फुटून रक्त आलं, तर तिनं ते पदराला पुसलं आणि हात पुन्हा पुढं केला.

पुढं नगरचा एक पेपरवाला आला. मी त्याला हगवण सांगितली, उपासमार सांगितली, बंदुकांचा ढीग सांगितला. तो मान डोलवत राहिला आणि छापलं काय, तर मी तारेचं कुंपण हातांनी तोडून वाघाच्या जंगलातून निसटलो! मी आबांना म्हटलं, हे सगळं खोटं आहे. आबा म्हणाले, "आसू दे की. तुझं काय जातंय?" आणि पेपर घेऊन शिंप्याकडे गेले. मला भांडायचं त्राण नव्हतं. आजही नाही. पेपर आला की घरातल्यांना म्हणतो, बाबांनो, तुम्हीच वाचा.

ती कुंपणाची बातमी आली त्या दुपारी आम्ही दोघं वावरात भाकरी खायला बसलो होतो. बायकोनं विचारलं, "ह्ये कुंपनाचं खरं न्हाई ना?"

"न्हाई."

"आन् पहिलं? शेवटच्या गोळीचं?"

"एक गोळी न्हाई झाडली आमी. बंदुका ठिवल्या नि बसलो."

तिनं घास खाली ठेवला. "मी मामंजींच्या पाया पडले हुते. म्हनले, तारंत बेपत्ता लिवलंय, बांगड्या ऱ्हाऊ द्या. तर म्हनले, पेपरात काय खोटं छापत्यात का?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मग मी कुनाची रांडाव झाले हुते, सांगा की."

मी तिच्या हाताला हात लावला, तर तिनं तो काढून घेतला.