डावी का उजवी

रोह्यापासून पेणपर्यंत माझ्यासारखा ड्रायव्हर दुसरा नाय. दुसरा मिळाला असता तर याला कधीच काढला असता, असं आमचे साहेब माझ्या निरोपाच्या दिवशी माइकवर बोलले, आणि सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या.

धाटावच्या एका कंपनीत मी शिफ्टची बस चालवायचो. फर्स्ट, सेकंड, नाइट. माणसं भरायची, गेटवर ओतायची, सुटलेली भरून परत. बसचा रंग कंपनीचा, रस्ता कंपनीचा, टाइम कंपनीचा. सीट माझ्यापेक्षा हातभर उंच माणसाच्या मापाची, तिच्यावर घोंगडी दुमडून टाकायचो तेव्हा कुठं रस्ता दिसायचा. हॉर्न तर म्हातारी बकरी ओरडावी तसा. त्या बसनं माझी कंबर नेली आणि इंजिनाच्या बाजूचा डावा कान नेला. कानाचं मला वाईट नाय वाटलं. घरात बायको नेहमी डावीकडंच बसंल असं मी बघायचो.

त्या बसमधी बायकोला कधी बसवली नाय. कंपनीच्या माणसांशिवाय कुणाला चढवायचं नाय, असा नियम. तिचं माहेर कासूला. सासू मिठागरात काम केलेली बाई, तोंडात पण तेच मीठ. लग्नात मला विचारलंन, "जावई डायवर हाय ना? मंग माजे पोरीला गारीन पुढं बसवून दारान आनशील ना?" मी बोललो, "आणतो की."

त्यानंतर सगळी उमर बायको पॅसेंजरनंच गेली. कासूच्या टेशनावर पिशव्या घेऊन उतरायची, तिथनं चालत. सासू दर खेपेला तिच्या मागं बघून विचारायची, "डायवर गारी लावाया गेला काय?"

आता स्पोर्ट गाडीचं खूळ कुठून शिरलं ते सांगतो. एकदा खांबजवळ बस पंक्चर झाली. मी खाली बसून नट सोडवतोय आणि बाजूनं एक लाल, बुटकी, उघडी गाडी गेली. तिचा आवाज माझ्या पोटात जाऊन बसला. आत गॉगल लावलेला माणूस आणि बाजूला बाई. बस. मला वाटलं, आपण रिटायर झालो की हेच. बसमधली माणसं वरून ओरडत होती, हजेरीचं पंचिंग चुकलं, आणि मी पान्हा हातात धरून त्या धुराकडं बघतोय.

तसली खरी गाडी घ्यायची तर मला कंपनीच विकायला लागली असती. पण पेणला एक फायबरवाला हाय. त्याचा मूळ धंदा गणपतीच्या साच्यांचा आणि मूर्तींचा. गणपती गेले की हात मोकळे, मग एखादी जुनी गाडी घेतो आणि तिच्यावर परदेशी गाडीसारखं फायबरचं अंग चढवतो. आत जुनाच डबा, वरून बघणारा बोलंल दुबईहून आली. वरातीवाले त्याच्याकडनं नेतात. गिऱ्हाईक सांगंल तशी बनवून देतो.

मी बायकोला सांगितलं. ती वाल सोलत बसली होती. मान पण वर केली नाय.

"घ्या. घोडा घ्यायचा असंल तर घोडा घ्या. पण पहिली मला कासूला न्या, पुढं बसवून. आणि माझ्या पायानं उतरता आलं पायजे मला. आईच्या दारात कुणी हाताला धरून ओढून काढलेलं चालणार नाय."

तिचे दोन्ही गुडघे गेलेत. खाली बसली की उठताना भिंतीशी बोलते.

फायबरवाल्याकडं गेलो तर कारखान्यात रांगेनं पांढरे गणपती, एकाला पण डोळे नाय. केमिकलचा वास असा, की मला ड्यूटीवर आल्यासारखं वाटलं. मी आधीच त्याला बोललो, "पुढच्या साली घरचा गणपती पण तुझ्याकडनंच नेणार." तो खूश. खुर्ची दिली, चहा मागवला आणि सुरू झाला.

"काका, रंग?"

"लाल."

"कुठला लाल?"

मला वाटलेलं लाल म्हणजे लाल. त्यानं मोबाइलवर लाल दाखवले. कुंकवासारखा, मिरचीसारखा, विटेसारखा, चमकणारा, न चमकणारा. सगळे बघून झाल्यावर मला पहिला आठवंना. मी बोललो, "शेजाऱ्याला बघून मिरची लागंल असला दे." तो हसला आणि मिरचीवाला धरला.

"डोळे?" हेडलाइटला तो डोळेच बोलतो. "उघडे ठेवू, का झाकणाचे?"

"माझे मिटायला लागले, गाडीचे तरी उघडे ठेव."

"नाकावर काय लावू? बाहेरच्या गाड्यांना जनावर असतं पुढं."

"तुझ्याकडं उंदीर पडलेत ना ढिगानं? एक लाव."

"हॉर्न?"

"बकरीचा लाव, सवय हाय."

माझं असं हाय, की कुणी काय विचारलं आणि मला उत्तर नाय आलं, की मी जोक मारतो. शाळेत मास्तरांनी पाढा विचारला तेव्हा पण हेच केलं. मास्तरांनी घरी पाठवला, म्हणून जोक तेवढे पाठ राहिले. फायबरवाल्यानं घरी नाय पाठवला. तो मान हलवत गेला आणि पुढचं विचारत गेला. दरवाजा वर उघडणारा का बाजूला. सायलेन्सर एक का दोन. आरसे गोल का टोकदार. सीटला शिवण दिसणारी का लपलेली.

दुपार झाली तसा मी आतून सांडायला लागलो. डबल शिफ्ट मारून पण कधी असा दमलो नव्हतो. बस चालवायला काय, समोर रस्ता असतो. इथं समोर सगळंच होतं. आणि खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं, तुला कसं पायजे. मी मनात म्हणायचो, कुणी विचारू दे, मग बघा. आता एक माणूस चहा पाजून विचारत होता, तर कळलं की मला काय आवडतं तेच मला ठाऊक नाय. लाल आवडतो असं वाटायचं, तो पण खांबला दुसऱ्याच्या गाडीला बघितलेला.

मी खुर्चीत मागं रेललो. समोर फळीवर एक बारका गणपती होता, घरात ठेवायच्या मापाचा. त्याच्याकडं बघत होतो तेवढ्यात फायबरवाला बोलला, "आणि डावी ठेवू का उजवी?"

मी बोललो, "डावीच ठेव बाबा. उजवीचं सोवळं कडक असतं. आमच्या घरात झेपायचं नाय कुणाला."

तो एवढा हसला की चहा सांडला. "भारी बोलता काका! पण बरोबर हाय तुमचं. ओरिजिनलला डावीच असते."

मला वाटलं, ओरिजिनल गणपती म्हणतोय.

उठताना एकच गोष्ट मी जोक न मारता बोललो. "बाजूची सीट उंच पायजे. माझ्या बायकोला गुडघ्यांचा त्रास हाय."

"काका, शान जाईल. बुटक्या गाडीत बुटकंच बसायला लागतं."

"जाऊ दे शान. तिला उतरता आलं पायजे." आमच्या घरची पायरी किती उंच हाय ते मी त्याला हातानं दाखवलं. तशी त्यानं मापाची पट्टी काढली.

त्यानंतर थंडीभर त्याचे फोन. काका, सीटच्या शिवणीचा दोरा काळा का पांढरा. काका, चाकाची जाळी बारीक का मोठी. बायको संध्याकाळी आईला फोन लावायची आणि मी पडल्या पडल्या ऐकायचो. "नाय गो आई, अजून नाय झाली. आता दोरा निवडतायत." पलीकडनं सासू काय बोलायची ते तिच्या हसण्यावरून कळायचं.

शेवटी शिमग्यानंतर बोलावणं आलं. दोघं पॅसेंजरनं पेणला गेलो. बायकोनं लग्नाकार्याची साडी नेसलेली. पेणला उतरल्याबरोबर आईसाठी पोह्याचे पापड घेतलेन. आईला आधीच कळवलेलं, आज गाडीनं येतोय, दारात बस.

गाडी चादरीखाली झाकलेली. फायबरवाल्यानं चादर ओढली. मिरचीचा लाल. डोळे उघडे. नाकावर उंदीर, हातातल्या मोदकासकट. मी मारलेले सगळे जोक एका जागी उभे होते आणि त्यांना पॉलिश केलेलं.

मी ऐटीत उजवा दरवाजा उघडला, बसलो, हात पुढं केले. हातात हवा आली.

"अरे, स्टेरिंग कुठाय?"

"त्या बाजूला. तुम्हीच बोललात ना, डावी ठेव, उजवीचं सोवळं कडक असतं."

"मी गणपतीच्या सोंडेचं बोललो रे!"

"मी गाडीचं विचारलं."

मागचे गणपती सगळे ऐकत होते. आता त्यांना डोळे पण आलेले.

"फिरवून दे," मी बोललो.

"फिरवतो. पण आता सीझन लागला माझा. विसर्जन झालं की या."

मी बायकोकडं बघितलं. ती गाडीकडं बघत नव्हती, हातातल्या पापडाच्या पिशवीकडं बघत होती. मग बोलली, "डावीकडनं चालवाया येत नाय काय तुम्हाला? रोह्यापासून पेणपर्यंत तुमच्यासारखा दुसरा नाय ना?"

तिची सीट बघितली तर फायबरवाल्यानं खाली गणपतीचा पाट ठोकलेला, वरून गादी. ती आरामात टेकली, पाय आत घेतले, पदर खोचला. मी माझ्या बाजूला बसलो तो जमिनीलाच लागलो. तिथनं मला तिचं कोपर तेवढं दिसत होतं. "वरातीची गाडी हाय काका, सांभाळून," फायबरवाला बोलला. म्हणजे आम्ही वरातीच्याच स्पीडनं निघालो.

डावीकडं बसल्यावर पुढच्या ट्रकच्या पलीकडं काय हाय ते दिसतच नाय. उजवीकडं बसलेल्याला दिसतं. मग बायको सांगायला लागली. "थांबा, बस येतेय. थांबा. अजून एक हाय. आता जावा. जावा, जावा!" आणि ती बसलेली माझ्या उजव्या कानाकडं, चांगल्या कानाकडं. लग्न झाल्यापासून मी तिचं एवढं सलग कधी ऐकलं नव्हतं. ऐकावं पण लागलं, नायतर ट्रकखाली गेलो असतो.

वडखळला पोलिसानं हात केला. तो सवयीनं उजव्या बाजूला आला आणि बायकोला बोलला, "ताई, लायसन."

"आधार कार्ड हाय, चालंल?"

"गाडी चालवता आणि लायसन नाय?"

"खाली बघा," बायको बोलली.

तो वाकला. "तुम्ही काय करताय तिथं?"

"चालवतोय साहेब."

त्यानं पुढं जाऊन उंदीर बघितला. "वरातीची दिसते. नवरदेव कुठाय?"

"मीच," मी बोललो.

"जुना हाय," बायको बोलली.

तो हसला, पण लायसन, कागद सगळं बघितलंन. "सरळ घरी न्या, आणि पहिलं हे स्टेरिंग जागेवर आणा. परत दिसलात तर गाडी ठेवून घेईन." मी मान हलवली. खरंच सांगतो, त्या टायमाला त्यानं ठेवून घेतली असती तरी मला चाललं असतं. कंबर मोडलेली, डोळ्यात धूळ, आणि पुढं एक एक ट्रक बायकोला विचारून. पण ती पाटावर ताठ बसलेली, पिशवी मांडीवर. म्हणून चालवत राहिलो.

कासूला गल्लीत शिरलो तर हॉर्न वाजवायला लागला. बकरी ओरडली. दोन दारातल्या बाया खरीच बकरी बघायला बाहेर आल्या. सासू ओट्यावर बसलेली, पाठीत वाकलेली, डोळ्यांवर हात धरून.

मी गाडी बरोबर तिच्या दारात लावली. बायकोनं दरवाजा उघडला. पहिला एक पाय खाली ठेवलान, मग दुसरा. दरवाजाला नुसतं बोट लावलं आणि उभी राहिली. कुणाला हाक नाय, भिंतीशी बोलणं नाय. पदर सारखा केलान आणि आईसमोर जाऊन उभी राहिली.

मी पण उतरायला गेलो. कंबर उठंना. एक पाय बाहेर, बाकीचा मी आत.

सासूनं लेकीला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गारी तू चालवलीस गो?"

"ते चालवत होते," बायको बोलली.

"आय, मी चालवली," मी खालून ओरडलो. "स्टेरिंग डावीकडं हाय, म्हणून दिसत नाय."

सासू ओट्यावरनं उठली. काठी टेकत गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली, वाकून बघितलंन, आणि बोलली, "गप रं. तिचे हातान व्हती म्हनून पोचली. तुजे हातान असती त अजून पेनलाच दोरा निवडीत बसला असतास."